पदवीचा हिशेब शेवटच्या सत्रापर्यंत लांबवू नका

श्रोतेहो, नमस्कार. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवी शिक्षणाची नवी श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, रचना आली. स्वायत्त महाविद्यालयांत ती २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. या रचनेत शिकणाऱ्या मुलामुलींचा मार्गदर्शक शिक्षक म्हणून मी जे काम करतो, त्याविषयी आज बोलणार आहे. सत्राचा निकाल लागला की विद्यार्थ्याला समोर बसवायचे, त्याच्या गुणपत्रिका आणि त्याच्या प्रवेशवर्षाचा अभ्यासक्रम आराखडा शेजारी-शेजारी ठेवायचा आणि पदवीसाठी काय पूर्ण झाले, काय चालू आहे, काय उरले आहे हे एकेका ओळीने तपासायचे, असे या कामाचे स्वरूप आहे. हे काम वरवर कारकुनी वाटेल. पण विद्यार्थ्याचे एक अख्खे वर्ष वाचणार की जाणार, हे अनेकदा याच पडताळणीवर ठरते.

पूर्वीच्या पद्धतीत प्रश्न सरळ होता. सगळे पेपर सुटले का, एटीकेटी राहिली आहे का, एवढे पाहिले की पदवीचे काय होणार ते कळत असे, कारण वर्गातल्या बहुतेकांचे विषय सारखेच असत. आता एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांचे आराखडे वेगळे असू शकतात. साधारण १५ तासांचे अध्यापन किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, आणि राज्याच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीसाठी असे १२० ते १३२, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० ते १७६ श्रेयांक लागतात. मात्र हे श्रेयांक कुठूनही जमवून चालत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दिलेल्या चौकटीत १२० पैकी किमान ६० श्रेयांक मुख्य विषयाचे आणि २४ दुय्यम विषयाचे आहेत. आपल्याकडच्या रचनेत त्यांच्या जोडीला खुला ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, क्षेत्रीय प्रकल्प, समाजसहभाग आणि सहअभ्यासक्रम असे गट येतात आणि त्यातला प्रत्येक गट स्वतंत्रपणे भरावा लागतो. माझा अनुभव असा, की मुख्य विषयाकडे मुलांचे, शिक्षकांचे आणि पालकांचे असे सगळ्यांचेच लक्ष असते, त्यामुळे तिथे काही राहिले तर लगेच कळते. घोटाळा होतो तो या दोन-दोन, चार-चार श्रेयांकांच्या गटांत, कारण त्यांचा एकत्र विचार कोणी केलेलाच नसतो.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. वाणिज्य शाखेची एक विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षाला दुसऱ्या महाविद्यालयातून आमच्याकडे आली. चौथ्या सत्राचा निकाल लागला तेव्हा तिचे ८८ श्रेयांक पूर्ण होते आणि एकाही विषयात ती अडकलेली नव्हती. बेरीज पाहून कोणीही तिला निर्धास्त राहायला सांगितले असते. गटवार मांडणी केल्यावर मात्र वेगळेच दिसले. पहिल्या वर्षी तिने घेतलेला एक खुला ऐच्छिक विषय वाणिज्य शाखेतलाच होता आणि नियम असा, की हा विषय आपल्या मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. शिवाय भारतीय ज्ञानप्रणालीचा दोन श्रेयांकांचा विषय आमच्याकडे पहिल्या वर्षी असतो, तर तिच्या आधीच्या महाविद्यालयात तो दुसऱ्या वर्षी ठेवलेला होता. मधेच महाविद्यालय बदलल्यामुळे तो दोन्हीकडून निसटला. सहअभ्यासक्रमाचे श्रेयांक गरजेपेक्षा जास्त झाले होते, म्हणून एकूण बेरीज बरोबर दिसत होती. हे चौथ्या सत्राअखेरीस उघड झाले, म्हणून पाचव्या सत्रात कला शाखेतला एक विषय आणि प्रथम वर्षाच्या मुलांबरोबर ज्ञानप्रणालीची परीक्षा अशी सोय करता आली. त्यासाठी दोन्ही वेळापत्रके समोर ठेवून तासांची टक्कर होत नाही ना, तेही पाहावे लागले. हीच गोष्ट सहाव्या सत्राच्या निकालानंतर कळली असती, तर दोन छोट्या विषयांसाठी तिची पदवी अडकली असती आणि त्याबरोबर पदव्युत्तर प्रवेशाचे वर्षही हातचे गेले असते.

आता श्रेयांक पेढीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुलै २०२१ च्या विनियमांनी ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. तिथे विद्यार्थ्याचे बारा अंकी क्रमांकाचे खाते असते आणि डिजिलॉकरमधून ते पाहता येते. खाते विद्यार्थ्याचे असले तरी त्यात श्रेयांक जमा करणे हे संस्थेचे काम आहे, विद्यार्थ्याला ते स्वतः भरता येत नाहीत. आपल्याकडे एक अडचण हमखास येते, ती नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधार कार्डावर आडनाव शेवटी, कुठे वडिलांचे नाव गाळलेले, कुठे लग्नानंतर बदललेले, तर कुठे इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. अशा तफावतीमुळे नोंदी जुळत नाहीत आणि उत्तीर्ण झालेल्या सत्राचे श्रेयांक खात्यात दिसत नाहीत. म्हणून पहिल्याच सत्रात मी विद्यार्थ्याला खाते उघडून दाखवायला सांगतो. त्याचबरोबर पेढीतली एकूण बेरीज म्हणजे पदवीची हमी नव्हे, हेही समजावून सांगावे लागते. किती श्रेयांक जमा आहेत ते पेढी दाखवते. ते आपल्या आराखड्यातल्या कोणत्या गटात धरले जाणार, हे विद्यापीठाचे नियम ठरवतात.

स्वयम् या शासकीय व्यासपीठावरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचेही असेच आहे. नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात आणि ज्या महाविद्यालयात एखादा विषय शिकवायला शिक्षकच नाही, तिथल्या मुलांसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण केवळ व्हिडिओ पाहून किंवा स्वाध्याय भरून श्रेयांक मिळत नाहीत. शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावीच लागते. नोंदणीपूर्वी महाविद्यालयाची लेखी मान्यता घेतली नसेल, तर मेहनत करूनही तो विषय कोणत्या गटात धरायचा याचा वाद उरतो.

ज्यांना शिक्षण मधेच सोडावे लागते, अशा मुलांची पडताळणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कोणाच्या घरी शेतीला माणूस लागतो, कोणाचे लग्न ठरते, कोणाला नोकरी मिळते आणि ती सोडवत नाही. असा विद्यार्थी पूर्वी रिकाम्या हाताने जात असे. आता पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला प्रमाणपत्र आणि दोन वर्षांच्या ८० ते ८८ श्रेयांकांवर पदविका मिळू शकते. मात्र त्यासाठी आणखी चार श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा आंतरवासिता पूर्ण करावी लागते आणि हे त्याला वेळेवर कोणी सांगितले नाही, तर तो हक्काच्या प्रमाणपत्राला मुकतो. आयोगाच्या चौकटीनुसार बाहेर पडल्यापासून तीन वर्षांच्या आत परत येता येते आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करायची असते. त्यामुळे जाणाऱ्या मुलाच्या हातात मी एक कागद देतो. कोणत्या गटात किती श्रेयांक झाले, परत आल्यावर कुठून सुरुवात करायची आणि कोणत्या वर्षापर्यंत यायचे, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असते. मुलगा परत येईल तेव्हा त्याची फाइल जाणणारा शिक्षक कदाचित बदललेला असेल. तो कागद असला तर नव्या शिक्षकाला सगळे पहिल्यापासून शोधावे लागत नाही.

चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे असेल, तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. ही सरासरी पहिल्या सत्रापासून धरली जात असल्याने इच्छुकांना हे दुसऱ्या वर्षाच्या आतच कळायला हवे.

अमेरिकेतल्या विद्यापीठांत, जिथे पदवीसाठी साधारण १२० श्रेयांकांची पद्धत पूर्वीपासून रुळलेली आहे, अशी पडताळणी संगणकावर होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा तक्ता पाहता येतो. तरीही दुसरीकडून आलेले श्रेयांक कुठे धरायचे, हा प्रश्न तिथेही माणसालाच सोडवावा लागतो. आपल्याकडे महाविद्यालयांनी निदान साधा छापील तक्ता तरी करावा, त्यावर विद्यार्थ्याची आणि शिक्षकाची सही असावी आणि एकेक प्रत दोघांकडे राहावी, असा माझा आग्रह आहे. एखाद्या विषयाबाबत नियम संदिग्ध असेल, तर शिक्षकाने अंदाजाने उत्तर न देता परीक्षा विभागाकडून लेखी खुलासा मागवावा. तोंडी आश्वासनावर विसंबलेला विद्यार्थी निकालाच्या दिवशी एकटा पडतो.

ऐकणाऱ्या पालकांना माझी विनंती आहे, की मुलाला किती टक्के पडले हे विचारून झाल्यावर कोणत्या गटातले किती श्रेयांक बाकी आहेत, हेही विचारा. त्याला सांगता आले नाही तर रागावू नका. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, आधार कार्ड आणि प्रवेशवर्षाचा आराखडा घेऊन पुढचे सत्र सुरू होण्यापूर्वी, विषय निवडीचा अर्ज भरायच्या आधी, त्याला त्याच्या मार्गदर्शक शिक्षकांकडे पाठवा.