पुरळ उठण्याआधी

मुलाच्या कानामागे दिसतोय तो तीळ वाटेल. जरा जवळून पाहा, त्याला पाय आहेत.

गोचीड चावताना सहसा दुखत नाही. केसांत, काखेत, जांघेत ती दिवसचे दिवस रक्त पीत बसते आणि घरात कुणाला पत्ता नसतो. डॉक्टर विचारतात, "गोचीड चावली होती का?" आई "नाही" म्हणते, अगदी खरेपणाने. त्यापेक्षा हे विचारलेलं बरं: गेल्या दोन आठवड्यांत मूल गवतात, झाडीत खेळलं होतं का? घरात कुत्रा आहे का?

गोचीड चावल्याने येणाऱ्या तापांतला एक अतिशय घातक प्रकार म्हणजे रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर. १९०६ साली अमेरिकी संशोधक हॉवर्ड रिकेट्स यांनी तो गोचिडीमार्फत पसरतो हे दाखवून दिलं. याचा जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरातच शिरतो. वाहिन्या झिरपू लागतात.

सुरुवात मात्र कुठल्याही तापासारखी. डोकं ठणकतं, उलट्या होतात. तान्ह्या मुलाला डोकेदुखी सांगता येत नाही, ते नुसतं किरकिरतं. पोट इतकं दुखू शकतं की अपेंडिक्सची शंका येते. मनगटांवर, घोट्यांवर पुरळ उठतं ते साधारण दोन ते चार दिवसांनी. सावळ्या कातडीवर ते नजरेतून निसटतं, काहींना तर येतच नाही. पुस्तकातल्या चित्रासारखे तळहातावर ठिपके दिसेपर्यंत थांबलात, तर बहुधा पाचवा-सहावा दिवस उजाडलेला असतो.

रक्ततपासणीत प्लेटलेट आणि सोडियम उतरलेले, यकृताची एन्झाइम्स चढलेली दिसली, तर संशय बळावतो. पण पहिल्या दिवसांत हे आकडे ठीकही असू शकतात. अँटिबॉडीची चाचणी पहिल्या आठवड्यात बहुतेकदा निगेटिव्हच येते. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन प्रमाण चौपट वाढलेलं दिसलं, की निदान पक्कं. तोवर औषधाची वेळ कधीच निघून गेलेली असते.

म्हणून संशय आला त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू करतात, आठ वर्षांखालच्या मुलांनाही. दात पिवळे पडतील ही भीती त्याच कुळातल्या जुन्या टेट्रासायक्लिनपासूनची. डॉक्सिसायक्लिनच्या थोड्या दिवसांच्या उपचाराने तसे डाग पडत नाहीत.

आणखी एक मूल. ताप नाही, पण काल धावणारे पाय आज लटपटतायत आणि अशक्तपणा वर वर चढतोय. हा गोचिडीच्या लाळेतल्या विषाचा प्रताप. इथे आधी बोटांनी केस विंचरून बघायचे, डोक्याची सगळी कातडी चाचपायची. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. बहुतेक मुलं दिवसभरात पुन्हा पायांवर उभी राहू लागतात.