निवळशंख पाण्यातला पारा

२४ डिसेंबर १९५९. जपानच्या क्युशू बेटावरचं मिनामाता. चिस्सो कंपनीच्या कारखान्यात सांडपाणी शुद्ध करणाऱ्या 'सायक्लेटर' यंत्रणेचं उद्घाटन आहे. कंपनीचे अध्यक्ष सगळ्यांदेखत पेलाभर पाणी पितात. पाणी निवळशंख.

लोकांना वाटलं, खाडीतल्या माशांतून होणाऱ्या विषबाधेचा धोका टळला.

पण माठात तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो, साधारण तेवढंच काम ही यंत्रणा करत होती. विरघळलेला सेंद्रिय पारा, म्हणजे कार्बनशी जोडला गेलेला पारा, तिच्या हाती लागणारच नव्हता. आणि ज्यात तो होता, ते अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं रसायन बनवणाऱ्या विभागाचं सांडपाणी त्या वेळी तिच्यातून जातही नव्हतं.

कंपनीला हे ठाऊक नव्हतं का? कारखान्याच्याच रुग्णालयातले डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी त्या विभागाचं सांडपाणी एका मांजराला अन्नातून दिलं होतं. मांजर क्रमांक ४००. ऑक्टोबरमध्ये ते झोकांड्या खाऊ लागलं, त्याला झटके आले. खाडीतले मासे खाणाऱ्या माणसांची हीच गत होत होती. तरी तो निष्कर्ष दाबून ठेवला गेला. या सगळ्या कहाणीत मला सर्वांत जास्त चीड येते ती इथे.

मग पाण्यातला पारा काढायचा कसा? आता हे बीकर पाहा. पारा असलेल्या पाण्यात सोडियम सल्फाइडचे थेंब पडतात आणि पाणी काळवंडतं. वैद्य खलात पारा आणि गंधक घोटून कज्जली करतात, तोच हा संयोग: पाऱ्याचं सल्फाइड, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. मात्रा मात्र सांभाळावी लागते. सल्फाइड फार झालं, तर बसलेला पारा पुन्हा विरघळू लागतो. गाळ काढलेलं पाणी मग सक्रिय कोळशातून, किंवा पारा धरून ठेवणाऱ्या रेझिनमधून सोडतात. भारतात नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पारा चालत नाही. एवढासा पारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून प्रत्येक विभागाच्या पाण्याचा नमुना वेगळा तपासायला हवा. आणि तो काळा गाळ? तोही जन्मभर बंदोबस्तात ठेवावा लागतो.

मिनामातात १९३२ मध्ये सुरू झालेलं अ‍ॅसिटाल्डिहाइडचं उत्पादन १९६८ मध्ये थांबलं. १९७७ ते १९९० अशी तेरा वर्षं खाडीचा तळ उपसला, ५८ हेक्टरांवर भराव घातला. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी लावलेली जाळी १९९७ मध्ये निघाली. भरावावर आज बाग आहे. गाळ तिच्याखालीच आहे.