जाळीच्या तळाची चिमट्यांची पिशवी: मुंबईच्या दमट हवेसाठी

[टेबलावर दोन जुने चिमटे]

नमस्कार मंडळी. हा चिमटा जरा जवळून बघा. रंग उडून पांढरट पडलाय, आणि दाबला की... [दाबून दाखवते] गेला. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लास्टिक ठिसूळ होतं, त्याचा हा परिणाम. हा दुसरा बघा. याचं प्लास्टिक चांगलं आहे, पण स्प्रिंग गंजली आहे. आपल्याकडे हवेत दमटपणा असतो आणि समुद्राचं मीठही, त्यामुळे लोखंडी तार फार लवकर गंज धरते. हाच चिमटा पांढऱ्या शर्टाला लावलात की खांद्यावर तांबूस डाग. त्यावर ब्लीच तर अजिबात लावू नका, गंजाचा डाग त्याने आणखी पक्का बसतो.

दोन्ही चिमट्यांचं दुखणं एकच: कपडे काढले तरी ते दोरीवरच राहिले. चिमटे दोरीवर राहतात, कारण त्यांना हाताशी अशी दुसरी जागाच नसते. ती जागा आज आपण शिवणार आहोत. हँगरला लटकणारी, समोरून तोंड उघडं असलेली कापडी पिशवी.

अशा पिशव्या तयार मिळतात, नमुनेही भरपूर सापडतात. बहुतेक पिशव्यांचा तळ जाड कापडाचा असतो. कोरड्या हवेत त्याने काही बिघडत नाही. पण जुलैमध्ये मुंबईत तुम्ही ओले चिमटे त्यात टाकता, पाणी तळाशी उतरतं, कापडाला बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ज्या गंजापासून चिमटे वाचवायचे तो गंज पिशवीतच सुरू होतो. म्हणून आपल्या पिशवीचा तळ जाळीचा. बाकी रंग, लेस, भरतकाम तुमच्या आवडीचं. जाळी मात्र सोडू नका.

आता कापड. सुती घ्या. मांजरपाट चालेल, पडद्याचं उरलेलं सुती कापडही छान. जुन्या जीन्सची पिशवी करायचा मोह पुष्कळांना होतो. पावसाळ्यात ती वाळता वाळत नाही, म्हणून माझा तिला नकार आहे. मंगलदास मार्केटमध्ये मीटरवर हवं ते सुती कापड मिळतं, पण अर्ध्या मीटरसाठी तिथवर जाऊ नका, जवळच्या कटपीसवाल्याकडे काम होईल. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंची असेल तर अर्धा मीटर पुरतो. जाळी मच्छरदाणीची, बारीक भोकांची. मोठ्या भोकांत चिमट्यांची टोकं अडकतात. हँगर लहान मुलांच्या कपड्यांचा, १२ इंची, प्लास्टिकचा किंवा लाकडी. तारेचा नको, तोही गंजतो.

कापड आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर हँगर वाकेल आणि पिशवीला चुण्या पडतील.

[कॅमेरा टेबलावरून खाली]

चार तुकडे कापायचे. मागचा भाग १४ बाय १४ इंच. पुढचा वरचा तुकडा १४ रुंद, ५ उंच. पुढचा खालचा तुकडा १४ रुंद, १० उंच. आणि जाळी १४ रुंद, ७ लांब. या मापांत शिवणीची अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं जादा कापड, धरलेली आहे.

पुढच्या वरच्या तुकड्याची खालची कड दोनदा पाव-पाव इंच दुमडा आणि टीप मारा. तो झाला.

आता खालचा तुकडा, आणि इथे घाई नको, कारण पिशवीचं तोंड हेच. तुकडा मधोमध घडी घाला. घडीवर वरच्या कडेपासून ३ इंच खाली खूण करा. तिथून बाहेरच्या कोपऱ्यापर्यंत खडूने सावकाश चढणारी वळणाची रेघ काढा आणि कापा. उलगडलं की होडीसारखा खोल काठ दिसेल. या खळग्यातून हात आत जाणार.

हा काठ वळणाचा आहे. सरळ कापलेली पट्टी लावलीत तर ती वळणावर फुगते, चुण्या पडतात. म्हणून गोट लावायचा तो उरेब पट्टीचा. उरलेल्या कापडातून, उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, सव्वा इंच रुंद पट्टी कापा. लांबी कमी पडली तर दोन पट्ट्या जोडा. तिरक्या कापलेल्या कापडाला ताण असतो, ते वळणाबरोबर वळतं. पट्टी सुलट बाजूला लावून टीप, मग काठावरून मागे वळवून, कड आत दुमडून दुसरी टीप. लावताना पट्टी ओढू नका, तोंड आवळेल. परकर-पोलक्याला गोट लावलेल्या कुणी घरात असतील, तर एवढं काम त्यांच्या शेजारी बसून करा. त्यांच्या बोटांकडून जे कळेल ते मला कॅमेऱ्यातून दाखवता येणार नाही.

पुढचे दोन्ही तुकडे सुलट बाजू वर ठेवून एकाखाली एक मांडा. वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर साधारण अर्धा इंच चढू द्या, आणि मागच्या भागावर ठेवून उंची जुळते का बघा. दोन्ही बाजूंना कच्चा टाका घाला.

आता जाळी. तिची एक कड पुढच्या भागाच्या खालच्या कडेला, दुसरी मागच्या भागाच्या खालच्या कडेला. सगळं मिळून एकच लांब पट्टा होतो. त्यामुळे पिशवीच्या अगदी तळाशी शिवण येत नाही, जाळी सलग वळून वर जाते. सगळा भार तळावर असतो आणि उसवतं ते शिवणीत, म्हणून ही मांडणी. जोडाची माया कापडाकडे वळवून वरून आणखी एक टीप द्या, म्हणजे जाळी सुटून येणार नाही.

पट्टा सुलट बाजू आत घेऊन दुमडा. वर हँगर ठेवा, आकडा मधोमध. हँगरच्या उतारापासून अर्धा इंच बाहेर खडूने रेघ आखा, रेघेबाहेर आणखी अर्धा इंच माया ठेवून कापा. आकड्यासाठी मधे एक इंच मोकळं सोडायचं, त्याच्या दोन्ही कडा आधीच दुमडून शिवा. मग एका बाजूने खाली, दुसऱ्या बाजूने खाली, रेघेवरून टीप. तोंडाचे दोन कोपरे आणि आकड्याच्या दोन्ही बाजू, इथे मागे-पुढे टीप मारून घ्या. हात घालताना सगळी ओढ त्या कोपऱ्यांवर येते. कडांना शिंप्याकडून इंटरलॉक करून घेतलंत तर धागे निघणार नाहीत.

मशीन नसेल तर हातशिलाईही टिकते. फक्त धावदोरा घालू नका, उलटी टीप घाला, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन, दुहेरी दोऱ्याने.

सुलट करा, हँगर तोंडातून तिरका आत सरकवा, आकडा वरच्या भोकातून बाहेर. झाली.

[पिशवी दाखवत]

गुंडाळीच्या स्प्रिंगच्या चिमट्याची रचना बरीच जुनी आहे. दोन पायांच्या स्प्रिंगवाल्या चिमट्याचं पेटंट अमेरिकेत व्हरमाँटच्या डेव्हिड स्मिथ यांनी १८५३ मध्ये घेतलं, आणि १८८७ मध्ये सोलोन मूर यांनी त्यात तारेची गुंडाळी आणली. तेव्हापासून चिमट्याची पकड आणि आयुष्य दोन्ही त्या तारेवर. महालक्ष्मीच्या धोबीघाटावर पीळ दिलेल्या दोऱ्यांत कपड्याची टोकं अडकवतात, तिथे चिमट्याशिवाय भागतं. पण वरच्या मजल्यावरच्या ग्रिलबाहेर वारा असतो, तिथे चिमटा हवाच. हातातून निसटलेला चिमटा खाली कुणाला लागूही शकतो. पिशवी दोरीजवळ लटकलेली असली की मूठभर चिमटे हातात धरून बाहेर वाकावं लागत नाही. एका हाताने कपडा धरा, दुसऱ्याने एकेक चिमटा काढा.

पिशवी ग्रिलच्या आतल्या बाजूला, सावलीत अडकवा. बाहेर टांगलीत तर चिमटे पुन्हा उन्हातच. पावसाळ्यात बाल्कनीत झड येत असेल तर कपडे काढले की पिशवी आकड्यासकट उचलून आत, पंख्याखाली. महिन्यातून एकदा चिमटे ओतून काढा, हँगर काढा आणि पिशवी इतर कपड्यांबरोबर धुवा. त्याच वेळी गंज धरू लागलेले चिमटे वेगळे करा.

मोठा, १६ इंची हँगर वापरणार असाल तर प्रत्येक तुकड्याची रुंदी १८ इंच धरा. उंची तीच ठेवा. खोल केलीत तर तळाचा चिमटा काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागतो.