कढईतली शेवटची भाजी

नमस्कार मंडळी, झाली का जेवणं? झाली असतील तर एक सांगा, तुमच्या घरात आज सगळ्यात शेवटी कोण जेवलं? आणि त्या बाईला दिवस गेलेत का, कारण आज मला तिच्या ताटाबद्दलच बोलायचंय.

मागे मी एका ओळखीच्या घरी गेले होते, सुनेला सातवा महिना. सासरे, नवरा, दीर, पोरं सगळ्यांचं उरकून ही साडेनऊला बसली, तोवर मेथी संपलेली, मग कढईला जे चिकटलं होतं ते भाकरीच्या तुकड्यानं पुसून घेतलं आणि वर ठेचा. मी म्हटलं पोट भरलं का गं? तर म्हणे हो ताई, दोन भाकऱ्या खाल्ल्या की. खोटं नव्हती बोलत ती, पोट भरलंच होतं.

पण पोटातल्या बाळाला नुसती भाकरी पुरत नाही, आणि हे कुठं परदेशात नाही, आपल्या पुण्याजवळ कळलंय. पुण्यातल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या ६ गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास, आणि बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. आता गंमत बघा, बाई एकूण किती कॅलरी खाते त्याचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही, पण ज्या बायका पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा खात होत्या त्यांची बाळं अंगानं मोठी होती. म्हणजे जी मेथी संपली ना, नेमकी तीच हवी होती! आणि शेतातली, पाणी वाहण्याची अशी अंगमेहनत ज्यांना जास्त, त्यांची बाळं लहान. त्यामुळे घरातल्या पुरुषांनो, हंडा उचलणं हासुद्धा आहारातलाच विषय आहे असं मी तरी मानते.

त्यात आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त अस्वस्थ करते. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तर आपली बाळं बारकी, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. दिसायला किरकोळ आणि आतून चरबीवाली. अशा शरीराला पुढे मोठेपणी डायबेटिसचा धोका जास्त. म्हणजे आईच्या ताटात काय नव्हतं त्याचा हिशोब पोरगा चाळिशीत चुकता करतो.

बी-१२ चं पण तसंच. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात नसतं, दूध, दही, अंडी, मासे, मटण यातून मिळतं. माळकरी घर असेल तर दूध-दही तरी रोज पोटात जायला हवं, आणि कमतरता निघाली तर डॉक्टरांकडून गोळी. आपल्याकडे एकीकडे दोन जिवांचं खा म्हणतात आणि त्याच तोंडानं फार खाऊ नको, बाळ मोठं झालं तर बाळंतपणात अडेल असंही म्हणतात, बाईनं करायचं तरी काय!

महाग काही लागत नाही हो. शेवग्याचा पाला, राजगिरा, चवळी, हरभऱ्याची वाळवलेली भाजी, मूठभर शेंगदाणे, पेरू. आदिवासी भागात अंगणवाडीत अमृत आहार योजनेचं एक वेळचं गरम जेवण मिळतं, तिथं जायला लाजू नका. आणि ती लोहाची लाल गोळी, आशाताई देतात ती, १८० दिवस घ्यायची, पण चहासोबत नाही, चहानं लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नाही. शी काळी होते म्हणून घाबरून बऱ्याच जणी बंद करतात, ते गोळीमुळेच होतं, चालू ठेवा.

त्या दिवशी निघताना मी सासूबाईंना हे सगळं सांगितलं तर त्या म्हणाल्या, आम्ही कुठं काय खाल्लं, झाली की चार. मी विचारलं, किती किलोची झाली? तर म्हणे तेव्हा कोण मोजत होतं. पण नंतर सुनेला फोन केला तर हळूच म्हणाली, ताई, आत्याबाई आता माझी भाजीची वाटी आधीच काढून झाकून ठेवतात. आणि गोळी? म्हटलं. तर हसली, म्हणे ती अजून चहाबरोबरच जाते.