मांड बसायला हवी

(विलेपार्ले इथे विशेष मुलांच्या पालकांसमोर दिलेलं व्याख्यान, लेखरूपात)

आत्ता बाहेर चहा घेताना एका आईने मला विचारलं, "मॅडम, जुहूच्या चौपाटीवर घोड्यावरून फेरी मारून आणतात. आम्ही याला दर रविवारी नेतो. त्याचा उपयोग होईल का?" मला आज जे सांगायचंय ते या एका प्रश्नात आलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मुलाला मजा येत असेल तर जरूर न्या. रविवारची मजा ही काही लहान गोष्ट नाही. पण तिला उपचार समजू नका. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं मुलांना स्वतः करता यावीत म्हणून उपचार करते, आणि घोड्याच्या मदतीने आम्ही जे करतो त्याला हिप्पोथेरपी म्हणतात. हिप्पोस म्हणजे ग्रीकमध्ये घोडा. मुलाला घोडेस्वार करणं हा तिथे हेतूच नसतो.

आपल्या भाषेत एक फार नेमका शब्द आहे: मांड. घोड्यावर मांड टाकली, याची मांड पक्की आहे, असं आपण म्हणतो. खाली घोडा हलतोय आणि वरचा माणूस मांड्यांनी, कमरेने, पाठीने ती हालचाल सामावून घेत स्थिर बसलाय, ती मांड. आपल्या मुलांना हेच जमत नसतं, आणि तेही वर्गातल्या साध्या बाकावर. पाठ लवकर थकते, मग मूल टेबलावर रेलतं, डोकं हातावर टेकवतं. आपण म्हणतो आळशी आहे. अहो, मानेपासून कमरेपर्यंतचं धडच स्थिर नसेल तर त्याला जोडलेला हात अक्षर कसं काढणार?

ऑटिझमचं निदान झालं की सगळ्यांचं लक्ष बोलण्याकडे जातं, नजर देतो का याकडे जातं. जिना उतरताना तो दर पायरीवर दोन्ही पाय टेकवतो, डब्याचं झाकण त्याला उघडत नाही, बुटाची नाडी तेराव्या वर्षीही आई बांधते, हे मागे राहतं. एडीएचडीच्या, म्हणजे अतिचंचल आणि लक्ष न टिकणाऱ्या मुलांमध्येही हे दिसतं. आणि डीसीडी, म्हणजे हालचालींचा मेळ न बसणं, हे तर शाळेत जाणाऱ्या १०० मुलांमागे ५-६ जणांना असतं. त्यांना घरात धांदरट म्हणतात आणि विषय संपतो. मला या शब्दाचा फार राग येतो.

आता घोडा काय करतो ते सांगते. घोडा साध्या चालीने चालताना मिनिटाला साधारण १०० पावलं टाकतो. प्रत्येक पावलाबरोबर त्याची पाठ पुढे-मागे होते, डावी-उजवीकडे झुकते आणि किंचित वळतेही. आपण स्वतः चालताना आपली कंबर जवळजवळ अशीच हलते. म्हणजे जे मूल नीट चालू शकत नाही, त्याच्या कमरेला चालण्याचा अनुभव मिळतो. २० मिनिटांत २,००० पावलं, आणि तितक्या वेळा तोल सावरायची संधी. खोलीत मोठ्या चेंडूवर बसवून मी एवढ्या वेळा हे करून घेऊच शकत नाही, मूल पन्नासाव्या वेळेआधीच उठून जातं.

बहुतेक वेळा खोगीर नसतं. पाठीवर नमदा, म्हणजे लोकरीची जाड घडी, आणि मूठ असलेला पट्टा, बस्स. त्यामुळे घोड्याच्या अंगाची ऊब थेट मिळते. त्याचं अंग आपल्याहून थोडं गरम, साधारण ३८ अंश सेल्सिअस असतं. सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडतात त्या आजारात, ज्यांच्या मांड्या आत ओढलेल्या असतात, त्यांना ही ऊब आणि ती लय, दोन्हींमुळे सैल व्हायला मदत होते. लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस, आणि थेरपिस्ट. घोडा पळत नाही, दुडक्या चालीनेही नाही. तो थांबतो, निघतो, इंग्रजी आठाच्या आकारात वळतो. थांबताना मूल पुढे जातं, निघताना मागे. कधी त्याला शेपटीकडे तोंड करून बसवतो, कधी हात सोडून रिंग पकडायला लावतो. केव्हा काय करायचं हे ठरवणं, हाच उपचार.

वर बसण्याआधी खरारा, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासणं. हे काम मला जीव की प्राण आहे. एक तेरा वर्षांचा मुलगा यायचा, ऑटिझम असलेला. पेन्सिल इतकी दाबून धरायचा की कागद फाटायचा. पहिल्या दिवशी त्याने घोड्याला ब्रशही तेवढ्याच जोरात घासला. घोड्याची कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी, आणि तो एक पाऊल बाजूला सरकला. मुलाचा हात थांबला. त्याने ब्रशकडे बघितलं, घोड्याच्या पोटाकडे बघितलं, आणि ब्रश पुन्हा टेकवला. हलक्याने. पेन्सिलसाठी मी सहा महिने "हळू रे, हळू" म्हणत होते. घोड्याने एका पावलात सांगितलं, तेही न रागावता.

यावरून कुणी चमत्काराची आशा धरू नये. लिस हार्टेल या डॅनिश घोडेस्वार बाईंची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९४४ मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे राहिले, घोड्यावर चढा-उतरायला माणूस लागायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकलं. युरोपात या उपचाराकडे लोक वळले त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण त्यांचे पाय काही बरे झाले नव्हते. पाय तसेच असतानाही मांड पक्की होती, हे मला त्याहून मोलाचं वाटतं.

संशोधनाचं म्हणाल, तर सेरेब्रल पाल्सीमध्ये बसण्याचा तोल आणि धडाचं नियंत्रण सुधारल्याचं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, पण ते अभ्यास लहान आहेत. ऑटिझममध्ये अमेरिकेतला २०१५ चा एक मोठा अभ्यास आहे, ६ ते १६ वयाच्या १२७ मुलांचा. निम्म्या मुलांना खरा घोडा, बाकीच्यांना घोड्यांची माहिती, पण खऱ्याएवढ्या मोठ्या खेळण्यातल्या घोड्यासोबत. १० आठवड्यांनी खऱ्या घोड्याच्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता जास्त कमी झाली होती. पण तेवढ्यावरून नेहमीची फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी बंद करून घोड्याकडे जाऊ नका. हा जोड उपचार आहे.

एक चूक माझ्या हातून झाली, तीही सांगते. एक कुटुंब डोंबिवलीहून दोन गाड्या बदलून आलं होतं. मुलीला हेल्मेट सहन होत नव्हतं, ते मला दिसत होतं. पण एवढ्या लांबून आलेत, रिकाम्या हाती कसं पाठवायचं, म्हणून मी तिला पहिल्याच दिवशी वर बसवलं. ती जी किंचाळली! अर्ध्या मिनिटात खाली घेतलं, पण पुढे पाच महिने ती तबेल्याच्या दाराच्या आत आली नाही. पाच महिने आम्ही दारातूनच गाजर दिलं. घरी टीव्ही बघताना रोज दोन मिनिटं हेल्मेट, एवढाच अभ्यास. घाई माझी होती, भोगलं तिने.

काही मुलांना घोड्यावर बसवूच नये. डाउन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, ती तपासणी डॉक्टरांकडून आधी व्हायलाच हवी. आटोक्यात नसलेली फिट, निखळलेला खुबा, पाठीचा जास्त बाक, घोड्याच्या केसांची ॲलर्जी असेल तरी आधी डॉक्टर.

मुंबईत जागेची अडचण आहे, पावसाळ्यात चिखलाची आहे, खर्चाची तर आहेच. ज्यांना परवडत नाही त्यांनी मन खट्टू करू नये. झोपाळा, लोड, मोठा चेंडू यांवर बरंच काही होतं, आणि ते मी पुढच्या वेळी करून दाखवणार आहे. घोडे या शहराला नवे नाहीत. महालक्ष्मीचं रेसकोर्स १८८३ चं आहे. पण शर्यतीचा तापट घोडा या कामाचा नाही, इथे शांत, वयाने थोराड, माणसाळलेला घोडा लागतो. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. डांबरावर घासलेले खूर मी जवळून बघितले होते, मला तो निर्णय पटला.

म्हणून त्या ताईंना सांगते. कुठेही गेलात तर आधी विचारा, थेरपिस्ट स्वतः हजर असतो का, मुलाची तपासणी करून लिहून ठेवतात का, घोडा दिवसाला किती मुलं घेतो. मग अर्धा तास नुसतं बाजूला उभं राहा आणि घोड्याचे कान बघा. कान इकडे-तिकडे वळत असतील, घोडा सांभाळणारा सईस बोलला की त्याच्याकडे फिरत असतील, तर ठीक. कान मागे चिकटवून, शेपूट झाडत उभा असेल, तर त्या दिवशी मुलाला घेऊन घरी परत या.