‘बाबा’ सोपं, ‘बाळ’ अवघड
(सेरेब्रल पाल्सीमुळे बोलणं अवघड झालेल्या मुलांच्या पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

“मॅडम, जिभेचे व्यायाम सांगा.” नवे पालक आले की पहिली मागणी हीच. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मुलांना शिट्ट्या फुंकायला लावल्या असतील, ओठाला मध लावून जीभ बाहेर काढायला लावली असेल. तुमच्या या उत्साहावर आज मी थोडं पाणी ओतणार आहे.

आधी बोलताना काय होतं ते पाहू. छातीतून हवा येते, स्वरयंत्रात तिचा आवाज होतो, मऊ टाळू उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो आणि जबडा, ओठ, जीभ मिळून वर्ण घडवतात. सेकंदाला दहाएक वर्ण! इतक्या वेगात नुसती ताकद कामाची नाही, वेळ साधावी लागते. मऊ टाळू बंद झाला नाही की ‘बाबा’चं ‘मामा’ ऐकू येतं. ओठांनी त्यांचं काम चोख केलेलं असतं, हवा तेवढी नाकातून निसटते. आणि घरात वाद सुरू होतो की पोराला आईकडचे जास्त आवडतात!

सेरेब्रल पाल्सीत मूळ दुखणं जिभेत नसतं. वाढत्या मेंदूला इजा झालेली असते, ती पुढे वाढत नाही, पण स्नायूंना जाणारे हुकूम बिघडतात. स्पास्टिक प्रकारात स्नायू ताठ राहतात, बोलणं संथ आणि आवाज दाबल्यासारखा येतो. शरीराची एकच बाजू अधू असेल तर बोलणं पुष्कळदा बचावतं, कारण जिभेला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतात. डिस्कायनेटिक प्रकार, जो कधी कधी जन्मानंतरची कावीळ फार चढल्याने होतो, त्यात नको तेव्हा हालचाल होते. असं मूल सकाळी बरं बोलतं आणि पाहुणे आले की एक शब्द फुटत नाही. नातेवाईक म्हणतात, नाटकं करतो. उत्तेजना वाढली की त्या अनावर हालचाली वाढतात, एवढंच.

आता ‘बाळ’ हा शब्द घ्या. कुठलंही तान्हं मूल आधी जबडा वापरायला शिकतं. जबडा वर-खाली केला तरी ओठ आपसूक मिटतात, म्हणून ‘बाबा’ लवकर येतं. ‘ळ’साठी मात्र जबडा जागेवर ठेवून जिभेचं टोक एकटंच मागे वळवायचं असतं. जीभ, ओठ आणि जबड्यावर बारीक सेन्सर चिकटवून केलेल्या अभ्यासांत दिसतं, की सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांत या अवयवांचा आपसातला मेळ कमी पडतो.

हा मेळ शिट्टीने कसा येणार? फुंकताना हवा एका दमात जोरात जाते, स्वरयंत्र गप्प असतं. बोलताना हवा जपून, पुरवून सोडायची असते. फुंकण्याचा सराव बोलण्यात उतरतो, याचा पुरावा फार तोकडा आहे. लाळ आवरण्यासाठी आणि गिळण्यासाठी चाललेले उपचार वेगळे, ते थांबवू नका.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या वाचा-उपचार संशोधक लिंडसे पेनिंग्टन यांनी वेगळी वाट धरली. एकेक वर्ण घोटण्याऐवजी श्वास, आवाज आणि बोलण्याचा वेग यांवर भर, आठवड्यातून ३ वेळा, ६ आठवडे. गट लहान होते, तरी मुलांचं बोलणं अनोळखी माणसांनाही आधीपेक्षा जास्त कळू लागलं. यातलं घरी काय करता येईल? पाय लोंबकळत नाहीत, मान टेकलेली आहे अशी बैठक द्या. मग श्वास सोडायला सुरुवात होताच बोलायला लावा. पेटीचा भाता रिकामा झाल्यावर सूर दाबून काय उपयोग? एका श्वासात दोन-तीनच शब्द.

काहींचं बोलणं इतकं करूनही कळणार नाही. १९७१ साली टोरांटोत अशा मुलांना ब्लिस चिन्हांचे, म्हणजे शब्दांऐवजी अर्थ दाखवणाऱ्या खुणांचे, फलक बोट ठेवून बोलायला दिले गेले आणि न बोलणारी मुलं वाक्यं मांडू लागली. फलक दिला तर मूल बोलायचा आळस करेल, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. फक्त फलकावर ‘पाणी’, ‘शू’, ‘भूक’ एवढंच नको. ‘नको’, ‘तू गप्प बस’, ‘ताई खोटं बोलते’ हेही हवं. आणि त्याने बोट ठेवलं की शब्द तुम्ही मोठ्याने म्हणा, मग थांबा. त्याचं पुढचं बोट यायला वेळ लागतो, तोवर वाक्य तुम्ही पुरं करू नका.