तिसरा सिलिंडर

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात माझी गाडी थरथरायला लागली. नुसती उभी असली तरी स्टिअरिंग हातात कापायचं आणि ॲक्सिलरेटर दाबला की एक आचका देऊन मगच पुढे जायची. माझ्या वयाच्या माणसाला हे दुखणं कानानेच कळतं. मिसफायर. इंजिनात इंधन जाळणाऱ्या चार सिलिंडरांपैकी एक कामावर येत नाहीये. प्रश्न एवढाच, की कोणता?

याला पूर्वी एक युक्ती होती. इंजिन चालू ठेवायचं आणि सिलिंडरात ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या वायरी एकेक करून उपसायच्या. वायर काढली की इंजिनाचा आवाज पडायला हवा. जी काढूनही काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच मेलेला. हे करताना हाताला एखादा सणसणीत झटका बसायचाच, आणि तो खाल्ल्याशिवाय माणूस तयार होत नाही अशी आमची ठाम समजूत होती. लहान मुलांचं काम टॉर्च धरण्याचं. मीही तिथूनच सुरुवात केली. ‘उजेड इथे पाड, माझ्या तोंडावर नको,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

तर बॉनेट उघडून मी उभा होतो. समोर काळं प्लॅस्टिकचं झाकण. ते काढलं, तर खाली वायरी नाहीतच. हल्ली प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची स्वतःची कॉइल, म्हणजे ठिणगीपुरता विजेचा दाब वाढवणारी तारेची गुंडाळी, बसवलेली असते. उपसायचं काय?

तेवढ्यात माझा एकोणीस वर्षांचा भाचा आला. या मुलाने अजून ड्रायव्हिंगचा परवाना काढलेला नाही. काढायची घाईही दिसत नाही. त्यामुळे त्याला मोटारींचं काही पडलेलं नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याने काडेपेटीएवढं एक यंत्र आणलं, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचलं आणि फोनवर उमटलेला बिघाडाचा कोड बघून म्हणाला, ‘‘पी शून्य तीनशे तीन. मामा, तिसरा सिलिंडर.’’

मी म्हटलं, बरं, प्लग बदलू. तो म्हणाला, ‘‘थांब ना, प्लगच गेलाय कशावरून?’’ इंजिन बंद करून त्याने तिसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून दुसऱ्यावर बसवली, दुसऱ्याची तिसऱ्यावर. कोड पुसला. गाडी सुरू केली. आचका तसाच, पण फोनवर आता पी शून्य तीनशे दोन. ‘‘कॉइलच गेलीय. प्लग गेला असता तर दोष तिसऱ्यातच राहिला असता. कॉइलबरोबर दोषही हलला.’’

श्रोतेहो, मी गप्प झालो. कारण आम्ही वायरी उपसून जे करत होतो तेच हे होतं. एक गोष्ट हलवायची, काय बदलतं ते बघायचं आणि त्यावरून गुन्हेगार पकडायचा. आमचा पुरावा कानात होता, त्याचा फोनच्या पडद्यावर. आणि त्याला झटका बसला नाही, याचं मला उगीचच थोडं वाईट वाटलं.

‘आजच्या पोरांना मोटारींचं वेडच राहिलेलं नाही,’ ही तक्रार मीही अनेकदा केली आहे. तिला आधार नाही असं नाही. अमेरिकेत १९८३ साली सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ४६ टक्के मुलांकडे परवाना होता. २०१४ पर्यंत ते प्रमाण २५ टक्क्यांच्या आत आलं. मित्राला भेटायला गाडी काढावी लागत नाही, विमा महाग, पार्किंग नाही. कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण परवाना हा वाहतुकीचा कागद आहे. त्यावरून वेड मोजायचं, तर ग्रंथालयाच्या वर्गणीवरून वाचनाची आवड मोजल्यासारखं होईल.

वेड कुठे गेलंय ते बघायचं असेल तर या मुलांच्या खोलीत डोकावा. टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग, खाली तीन पेडल. आम्ही त्याला खेळणं म्हणतो. यान मार्डनबरो नावाचा ब्रिटिश तरुण ‘ग्रान टुरिस्मो’ या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेतून २०११ साली निवडला गेला आणि २०१३ मध्ये फ्रान्समधल्या ल मां इथल्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाची गाडी आपल्या गटात तिसरी आली. खरीखुरी गाडी. माझा भाचा काही शर्यतीत जाणार नाही. पण वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत गेलं की पुढच्या चाकांवरचा भार कसा टिकतो, हे त्याने मला चहाच्या कपात चहा हेलकावून समजावलं. पस्तीस वर्षं गाडी चालवतोय, मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणखी एक उदाहरण सांगतो, कारण ते माझं फार आवडतं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली एक इलेक्ट्रिक गाडी शून्यावरून ताशी १०० किलोमीटर वेगाला पोचली. किती वेळात? ०.९५६ सेकंदात. एक सेकंदही नाही! अंतर लागलं जेमतेम साडेबारा मीटर. गाडीचं वजन १४० किलोच्या आसपास. आणि गाडी जमिनीला चिकटून राहावी म्हणून त्यांनी तिच्या पोटाखालची हवा पंख्याने ओढून घेतली होती, व्हॅक्यूम क्लीनरसारखी. आता सांगा, हे वेड नाही तर काय आहे?

‘पण इलेक्ट्रिक गाडीला आवाज नाही, जीव नाही,’ असं माझे समवयस्क म्हणतात. मला आवाज आवडतो, नाही कशाला म्हणू. पण ताशी १०० किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला तो विजेवरच्याच गाडीने, १८९९ साली. कामिय जेनात्झी नावाचा बेल्जियन माणूस टॉर्पेडोसारख्या दिसणाऱ्या गाडीवर जवळजवळ अख्खा बाहेर बसून गेला होता. त्याला कुणी म्हटलं नसेल की तुझ्या गाडीत जीव नाही. उलट हल्ली काही इलेक्ट्रिक गाड्यांत खोटे गिअर आणि स्पीकरमधून खोटा इंजिनाचा आवाज देतात. ते मात्र मला कवळीला कीड लावून दिल्यासारखं वाटतं. भाच्याला मजा वाटते. असो.

मला खरी काळजी आहे ती बंद झाकणांची. १८८८ साली बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता, दोन किशोरवयीन मुलांना घेऊन, त्याने बनवलेल्या मोटारीतून शंभरेक किलोमीटर गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकचे ठोकळे झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं मारून घेतलं. इंधन औषधाच्या दुकानातून. हे जमलं, कारण गाडी उघडी होती. हात घालता येत होता.

भाच्याने ज्या सॉकेटमध्ये यंत्र खोचलं, ते सॉकेटही असंच एक उघडं दार आहे. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं, तेही धुराचं प्रदूषण तपासता यावं म्हणून. कुणा हौशी पोराचा विचार त्यात नव्हता. आता काही नव्या गाड्यांत हेच दार अर्धवट लोटलं जातंय. वाचता येतं, पण कोड पुसायला कंपनीची परवानगी. सुटा भाग बदलला तर गाडीच्या कॉम्प्युटरने तो ओळखायला हवा. काही माहिती सॉकेटमधून न जाता थेट बिनतारी कंपनीकडे जाते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी २०२० साली याच मुद्द्यावर मतदान केलं आणि जवळपास तीन चतुर्थांश मतदारांनी सांगितलं, गाडी आमची, माहितीही आम्हाला मिळाली पाहिजे. चोरी आणि हॅकिंगची भीती कंपन्या दाखवतात, ती खोटी नाही. पण कुलूप चोरासाठी लावायचं की मालकासाठी, हे आधी ठरवायला हवं. ज्या मुलाला झाकण उघडूच दिलं नाही, त्याला ‘तुला आवड नाही’ म्हणायचं कोणत्या तोंडाने?

नवी कॉइल बसवली, गाडी आता शांत चालते. बिघडलेली कॉइल मी टाकून देणार होतो, पण भाच्याने ती ठेवून घेतली. त्याच रात्री जेवण झाल्यावर तो करवत घेऊन बसला. आत काय असतं ते बघायचं होतं. कवच कापलं, आतली घट्ट राळ कोरत कोरत काढली, आणि खाली केसासारखी बारीक तांब्याची तार दिसली, हजारो वेढे घातलेली. एका जागी ती काळी पडली होती. आम्ही दोघं डोकं डोक्याला लावून बघत होतो.

‘‘मामा,’’ तो म्हणाला, ‘‘टॉर्च नीट धर ना. उजेड इथे पाड.’’